धुराला बंदी, रामधनभाऊ सोडून

२ डिसेंबर, सोमवार. पहाटे.
...हे होते तेव्हाची एक सकाळ. त्या दिवशीही आधी हॉटेलाची भट्टी पेटवली, बेसन भिजवलं, मिरच्या चिरल्या. मग बाकांखाली झाडू घातला. सूपभर थोटकं निघाली. हे दारात बसून बिडी ओढत होते. मी म्हटलं, झाडायचं मी आणि टाकायचं तुम्ही. हे हसले, मग खोकले. साधी सकाळ होती, लक्षात ठेवावं असं काही नव्हतं. तरी तीच आठवते.
ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. छाती पोखरली होती बिडीनं. दवाखान्यात मी हातावर हात ठेवून सांगितलं होतं, आपल्या हॉटेलात आता बिडी पेटणार नाही. ते नुसतं सांगितलेलंच राहिलं. आजपासून बंद म्हणजे बंद.
भजी बांधायच्या रद्दीत कायदाही सापडला. मी वाचायला शिकले ते रद्दीवरच, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास आहे. हॉटेलात धूम्रपान गुन्हा. बोर्ड लावणं मालकाचं काम.

३ डिसेंबर.
बोर्ड महागावहून आणवला. सिगरेटचं चित्र, वर लाल फुली. आमच्या फुलसावंगीतली माणसं त्याच्याच खाली उभी राहून माझ्याकडे काडी मागतात. डोळे कशाला दिलेत कोण जाणे.

५ डिसेंबर.
कृषी केंद्रवाला शाम बिडी पेटवून बसला. म्हणे, "काकू, चित्रात सिगरेट हाये. बिडी कुठी हाये?" शिकलेला माणूस! त्याच्यापुढचा चहा उचलून घेतला. म्हटलं, धूर तो धूर. तो समोरच्या टपरीवर गेला, जाताना चौघांना घेऊन गेला. जाऊ दे. तेवढीच बाकं झिजायची थांबली.

६ डिसेंबर.
रामधनभाऊ आले. तांड्यावरचे, ह्यांचे दोस्त. दोघं एकाच बंडलातून ओढायचे, लाल दोऱ्याची बिडी. बसल्या बसल्या पेटवली. थंडी फार आहे, माणूस म्हातारा. आजचा दिवस राहू दिलं. उद्या सांगते.

७ डिसेंबर.
सांगणारच होते. ते कापसाचं बोलत होते. मधे कसं तोडायचं?

९ डिसेंबर.
रामधनभाऊंना भट्टीजवळच्या बाकावर बसवलं. लक्ष ठेवायला बरं. मीही तिथेच बसून कांदे चिरले. त्यांनी तीन ओढल्या. पूर्ण लक्ष होतं माझं.

११ डिसेंबर.
वच्छलाबाई माझ्याकडे भजी तळते. तोंड मिरचीपेक्षा तिखट. म्हणाली, "काहून वो माय, रामधनभाऊच्या बिडीले धूर नाही येत का?" मी तिला बोर्ड दाखवला. चित्र सिगरेटचं आहे. बिडी म्हणजे जंगलाचं पान, झाडपाल्यातच धरायची. कायदा नीट वाचावा लागतो. ती एवढी हसली की झारा तेलात पडला. अडाणी बाई.

१३ डिसेंबर.
शाम रस्त्यापलीकडून ओरडला, "काकू, रामधनकाकाले येगळं लायसन देल्लं का?" टपरीवरचे सगळे दात काढत होते. मी पुढचा कांदा चिरायला घेतला. माझं तोंड काही रिकामं नाही.

१६ डिसेंबर.
दोन दिवस रामधनभाऊ आले नाहीत. हॉटेलात एकही बिडी नाही. जिंकले मी. हवा कशी स्वच्छ.
भजी बेचव झाली, त्यावरून वच्छलाबाईला बोलले. चहा दोनदा उतू गेला. स्वच्छ हवेत कशाचाच वास येत नाही.

१८ डिसेंबर.
रामधनभाऊ आले. हात मांडीवर ठेवून नुसते बसले. मी काड्यापेटी त्यांच्याकडे सरकवली. माझ्यापुढे उगाच जागा अडवत होती.
म्हणाले, "नाही वहिनी. सोडली."
चार दिवस झाले म्हणे. "तुमी तोंडानं काही बोल्ल्या नाही. पण रोज माह्या बाजूले येऊन बसत होत्या, मले समजे. माह्या दोस्ताची बायको माह्यासाठी एवढी बसते, अन् मी तिच्याच तोंडावर धूर सोडून राह्यलो. मले लाज वाटली."
सगळ्या हॉटेलानं ऐकलं. वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, चांगलं केलं भाऊ.
ह्यांना दिलेला शब्द पुरा झाला. आनंदच आहे. पण पुरुषांचं कौतुक करावं असं काही नसतं. चाळीस वर्षांची सवय, आणि एका बोर्डाला भिऊन चार दिवसांत टाकून दिली! एवढा कच्चा माणूस ह्यांनी दोस्त कसा केला?

२० डिसेंबर.
काल हॉटेल वच्छलाबाईवर सोपवलं आणि एसटीनं पुसदला गेले. तिथं मला कोणी ओळखत नाही. पानठेल्यावर लाल दोऱ्याचं एक बंडल मागितलं. ठेलेवाल्यानं विचारलं, "मावशी, कोनासाठी?"
म्हटलं, आमच्या ह्यांच्यासाठी.