एकतीस वटवाघळे आणि चोवीस पेरू

मुक्काम रोहिणखेडच्या पुढचे गाव, ता. मोताळा
बुधवार, १८ डिसेंबर १९६३

तीर्थरूप सौ. अन्नपूर्णामावशीस,

सुहासिनीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण वर पाहून पाहून माझी मान आखडली आहे. तेव्हा सध्या सात अंगांचा नमस्कार घ्यावा. आठवे अंग बरे झाले की उरलेला पाठवीन.

तुझी कंबर कशी आहे? काकांचा चष्मा सापडला का (कपाळावर पाहिले होते का)? परसातल्या दोन्ही पेरूंची प्रकृती कशी आहे? यंदा बहर धरला असेल, असा माझा अंदाज आहे. तू सुचवलेल्या स्थळाचा मी विचार केला. विचार पूर्ण झाला आहे. माझी पत्रे तारेसारखी असतात, वाचताना कोणीतरी गेले की काय असे वाटते, अशी तुझी तक्रार आहे. म्हणून या वेळी झाले ते सगळे क्रमाने लिहिते. बसून वाच.

मी इथे विज्ञान शिकवायला आले हे तुला ठाऊक आहे. दिवाळीत चित्रकलेच्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणीच आले नाही. आमचे हेडमास्तर नीळकंठराव यांनी ते तास मला दिले. माझे बी.एस्सी. प्राणिशास्त्रातले, प्राणिशास्त्रात आकृत्या काढतात, म्हणजे मला चित्रकला येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. (बेडकाची पचनसंस्था काढता येणे म्हणजे चित्रकला नव्हे, असे मी म्हटले. त्यांनी वेळापत्रक आधीच भिंतीला डकवले होते.)

शाळेमागे एक चिंच आहे. तिच्यावर दोनशे चौदा वटवाघळे राहतात. मोठ्या जातीची, फळे खाणारी. पंख पसरले की चार फूट भरतात, आणि मानेभोवती सोनेरी लव असते. दिवस मावळताना ती एकामागून एक उठतात तेव्हा मी मोजते. रोज मोजते. (आवड म्हणून नव्हे. संख्या बदलते की कसे, ते पाहावे लागते. शिवाय इथे संध्याकाळी करण्यासारखे दुसरे काही नसते, हेही नोंदवून ठेवते.) दुपारी याच चिंचेची सावली शाळेच्या पत्र्यांवर पडते. ती नसती तर सातवीचा वर्ग उकडून निघाला असता.

महिन्याच्या सुरुवातीला सरपंच उत्तमराव यांनी जाहीर केले की ही चिंच तोडायची. कारण त्यांची पेरूची बाग. (तुमच्याकडे पेरू म्हणतात, इकडे जाम.) पिकलेले फळ झाडावर टिकेना. बागेला तीन बाजूंनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण, त्यात एकच फाटक, फाटकाला कुलूप, आणि किल्ली उत्तमरावांच्या करदोड्याला. म्हणजे चोर वरून येतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. बागेच्या चौथ्या बाजूला त्यांचे स्वतःचे घर आहे. ती बाजू त्यांनी हिशेबात घेतली नव्हती. सोमवारी ग्रामसभेत ठराव करायचे ठरले, आणि गावाला शत्रूची ओळख पटावी म्हणून शाळेने चावडीच्या भिंतीवर वटवाघळांची चित्रे लावावीत, असा निरोप आला. नीळकंठरावांनी तो चित्रकला-शिक्षकाकडे दिला. चित्रकला-शिक्षक म्हणजे मी.

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मी सातवीच्या एकतीस मुलांसाठी एकतीस बाह्यरेषा काढल्या आणि अट घातली की प्रत्येकाने चित्राखाली वटवाघळाबद्दल एक खरी गोष्ट लिहायची. एकाचे वाक्य दुसऱ्याने उचलायचे नाही. शाळेच्या रंगपेटीत लाल होता, पिवळा होता आणि तिसरा कोणता होता ते आता कोणीच सांगू शकत नव्हते. म्हणून गावात मिळेल त्यावर भागवले. पंखांच्या पातळ कातडीसाठी कंदिलाची काजळी बोटाने पसरवली. मानेची लव काताच्या पाण्यात हळद घालून कापसाच्या बोळ्याने टिपली. (घासायचे नाही, टिपायचे, हे मी नव्वद वेळा सांगितले.) पंखातली हाडे आधी मेणबत्तीने ओढून घेतली आणि वरून पातळ शाई फिरवली. मेणावर शाई धरत नाही, त्यामुळे चार लांब बोटे आणि आखूड अंगठा पांढरा उमटला. पंख म्हणजे पंख नसून हाताचा पंजा आहे, हे पोरांना दोन महिन्यांत पटले नव्हते ते मेणबत्तीने पाच मिनिटांत पटले. संध्याकाळचे आभाळ दात घासायच्या ब्रशाने कंगव्यावर रंग उडवून शिंपडले. गावात तसला ब्रश एकच होता. (मी सध्या कडुनिंबाच्या काडीवर आहे.)

सिंधू नावाच्या मुलीने मात्र वटवाघूळ हिरवेगार रंगवले. तिचे वडील मोताळ्याच्या बाजारात मिठाई विकतात, बर्फीत घालायच्या हिरव्या रंगाची पुडी तिने घरून आणली होती. हिरवे का, विचारले तर म्हणाली, "बाई, ते चिंचेच्या पाल्यात लपलं हाय." मी चित्र तसेच राहू दिले. तिला ब्रशाचे टोक जिभेवर ओले करायची सवय आहे. तिची जीभ पुढे दोन दिवस पोपटासारखी हिरवी राहिली. ते मी वहीत टिपून ठेवले. तेव्हा केवळ सवयीने टिपले.

शनिवारी सकाळी चित्रे चावडीत लावली. वटवाघूळ उलटे लटकते, म्हणून सगळी उलटी लावली. दुपारी नीळकंठराव मला मोठ्या समाधानाने सांगत आले की मुलांनी एकूण एक चित्र उलटे डकवले होते, त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती सगळी सुलटी केली. मी त्यांना सांगितले की वटवाघूळही डोके वर करते, अंगठ्यांच्या नख्यांनी फांदीला लोंबकळते, पण दिवसातून फार थोड्या वेळा आणि एकाच कामासाठी. कोणत्या, असे त्यांनी विचारले. मी शास्त्रीय शब्दांत सांगितले. नीळकंठरावांनी भिंतीकडे पाहिले. तिथे एकतीस वटवाघळे ओळीने, गावाकडे तोंड करून, तेच काम करत होती. मग स्टूल पुन्हा स्वतःच आणले.

इथून गोष्टीला वळण लागले. चित्रे परत उलटी होत असताना सिंधू एका चित्राखालची ओळ मोठ्याने वाचत होती: "वटवाघूळ फळ चावते, रस गिळते आणि चोथा थुंकते." वाचून ती म्हणाली, "मंग बाई, सरपंचाच्या बागेत चोथा कुठं हाय? म्या रोज तिथूनच येतो, मले त कधी दिसला नाही." मुलीला प्राणिशास्त्राला घालावे, असे माझे मत झाले आहे.

त्या संध्याकाळी उन्हे उतरताना मी पेरूंचे चित्र काढायचे आहे असे सांगून उत्तमरावांकडून फाटक उघडून घेतले. (हे निम्मे खरे होते. वही नेली होती.) खालच्या फांद्यांवरचे पिकत आलेले चोवीस पेरू निवडले आणि त्यांच्यावर सिंधूचा मिठाईचा हिरवा रंग ब्रश आणि कंगव्याने बारीक शिंपडला. पेरू हिरवा, रंग हिरवा. वाळल्यावर मलाच ओळखू येईना. रंग खाण्यातलाच होता, त्यामुळे कोणाला अपाय होणार नव्हता. चोर वरून येत असेल तर मला काही करता येण्यासारखे नव्हते. चोर खालून येत असेल तर तो जीभ बाहेर काढेपर्यंत थांबायचे होते.

रविवारी सकाळी चित्र पुरे करायचे म्हणून पुन्हा फाटक उघडून घेतले आणि मोजले. नऊ पेरू गेले होते. मी बागेतून घराकडे वळले तर मागच्या दाराच्या पायरीवर उत्तमरावांच्या आई, सत्यभामाबाई, पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. या बाईंचे तोंड एरवी गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येते. आज त्या मानेनेच या म्हणाल्या, मानेनेच बस म्हणाल्या. मी बसले आणि सरळ विचारले.

"आजी, जरा जीभ दाखवता?"

"काऊन? तू मास्तरीन हायेस का डाक्टरीन?" असे त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, आणि तेवढे पुरले.

"हिरवी कशाने झाली?"

"पान खाल्लं म्या."

"पानाने लाल होते."

"हे कच्चं पान होतं."

मी काही बोलले नाही. (गप्प बसण्याबद्दल तू मला नेहमी रागावतेस. त्याचा उपयोग होतो.) थोड्या वेळाने त्यांनी पदर खाली घेतला. "पाच खाल्ले, माय. चार दात राह्यले हायेत, अन् ते चारही म्या जामासाठीच सांभायून ठेवले. डाक्टरानं खोकल्यावर जाम नको म्हणून सांगतलं, तवापासून पोट्टा मले फोडही देत नाही. मले म्हणते, माय, तुह्या भल्यासाठीच हाय. सून बाहीर गेली का मंग म्या मागच्या दारानं जातो." मग त्यांनी माझा हात धरला. "माह्यं नाव सांगशीन त्याले?"

मी म्हटले, नाव सांगणार नाही. पण उद्या चिंच तुटेल, आणि ती तुमच्या पाच पेरूंसाठी तुटेल. सत्यभामाबाई चिंचेच्या दिशेने बघत बसल्या. ती चिंच त्यांच्या सासूने लावलेली आहे, हे मला तेव्हा कळले. मग म्हणाल्या, "चिंच राह्यली त मले जाम कोन देईन?" प्रश्न व्यवहाराचा होता. मी उत्तर दिले. ते उत्तर पुढे येईलच.

सोमवारी सकाळी चावडी भरली होती. मी मागे, खांबाजवळ उभी होते. (माझा चेहरा शांत होता असे नीळकंठराव नंतर म्हणाले. हात पाठीमागे असल्याने त्यांना दिसले नाहीत.) उत्तमराव ठराव वाचायला उठले तेवढ्यात सत्यभामाबाई काठी टेकत आत आल्या, भिंतीपाशी गेल्या आणि सिंधूला म्हणाल्या, "त्या हिरव्या पाखराखाली काय लिवलं, वाच बरं." सिंधूने आधी सांगितले की ते पाखरू नाही. मग वाचले: "मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. ते आईच्या पोटाला धरून राहते आणि आई त्याला घेऊन उडते."

"आयकलं का, उत्तम? एकच. तूही एकच व्हता. म्या तुले पोटाशी बांधून विहिरीवरून पानी आनलं. पोरी, ते पिल्लू मोठं झाल्यावर मायच्या तोंडाले कुलूप लावते, असं लिवलं हाय का तिथं?"

सिंधूने कागद पुन्हा नीट पाहिला. "नाही आजी. तसं नाही लिवलं."

चावडी हसली. उत्तमराव कानापर्यंत लाल झाले. "माह्या सासूनं लावलेलं झाड हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या, "ते तोडाचं असीन त पयले मले तोड." उत्तमराव हात जोडून म्हणाले, "बस, माय, बस. घरी चाल. राहू दे तुही चिंच." नीळकंठरावांनी इतिवृत्तात लिहिले की ठराव वेळेअभावी मागे घेण्यात आला. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

त्या संध्याकाळी मोजले. दोनशे चौदा. मान त्याच दिवशी आखडली, कारण मी दोनदा मोजले.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, वाढला तर माझी हरकत नाही. काकांना नमस्कार.

तुझी,
सुहासिनी

ता. क. उत्तमराव गाव समजते तितके साधे नाहीत. मंगळवारी त्यांनी घराच्या मागच्या दारालाही कुलूप लावले. आईला काही बोलले नाहीत.

आणखी ता. क. म्हणून विनंती अशी: परसातले चार पेरू दर शनिवारी बुलढाण्याच्या एस.टी.त कंडक्टरकडे द्यावेत. पूर्ण पिकलेले, बोटाने दाबले तर दबणारे, दात फक्त चार आहेत हे ध्यानात ठेवून. पुढे मी बी काढून, एक दिवसाआड एक, अशा प्रमाणात देईन. खोकला वाढला तर बंद करीन, असे मी सत्यभामाबाईंकडून कबूल करून घेतले आहे. पत्राचे उत्तर आले नाही तरी चालेल. पेरू यावेत. काकांना कारण सांगू नये. माझ्यासाठी म्हणावे. मी आजवर काही मागितलेले नाही, त्यामुळे त्यांना शंका येईल, पण ते देतील.

शेवटचे ता. क. (हे वाचून पत्र फाडावे.) तू आकड्यांत पक्की आहेस, तेव्हा तुझ्या लक्षात आलेच असेल. नऊ पेरू गेले होते, सत्यभामाबाईंनी पाच खाल्ले. उरलेल्या चारांचा हिरवा चोथा मला रविवारी दुपारी चिंचेखाली सापडला. नीळकंठराव येत होते, म्हणून मी तो पायाने मातीआड केला. मोठे वटवाघूळ पिकलेले फळ तोंडात धरून आपल्या झाडावर नेते आणि तिथे निवांत खाते, हे मला नागपूरला पहिल्याच वर्षी शिकवले होते. मुलांना ते सांगितले नाही, कारण ती बत्तिसावी गोष्ट होती. वर्गात मुले एकतीसच आहेत.