खोडलेला परिच्छेद

३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाला नवं यंत्र लावूनही फोनवर काही ऐकू येत नाही म्हणतेस, म्हणजे शाळेच्या वसतिगृहातल्यासारखी आपली रविवारची पत्रं पुन्हा सुरू झाली म्हणायची. तेव्हा पाकीट बंद करण्याआधी कॉन्व्हेंटच्या सिस्टर वाचायच्या. आता कुणी वाचत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

हे शुश्रूषागृहात बरे रुळलेत. कधी मला ओळखतात, कधी नवीन नर्स समजून खोकल्याचं औषध मागतात. मीही देते. नवऱ्यानं इतकं नम्रपणे काही मागायची ही पहिलीच वेळ!

आता बातमी. मला काम मिळालंय, हसू नकोस. इंटरनेटवरच्या ज्या मुक्त ज्ञानकोशात तू इतकी वर्षं फुकट घाम गाळतेस आणि आता निवडून येऊन लेखकांचे वाद सोडवणारी पंच झाली आहेस, त्याच कोशात मी लिहिते, आणि मला त्याचे पैसे मिळतात. आपल्या शाळेच्या विश्वस्तांना शाळेवरचा लेख नीटनेटका करून हवा होता. ह्यांच्या शुश्रूषागृहाचा खर्च आता त्यातून भागतो. मी टोपणनाव घेतलंय. ओळख पाहू कुठलं!

पाठदुखी कशी आहे ते कळव. लोभ पूर्वीसारखाच ठेव.

तुझी,
बेबी

१७ मार्च

चि. बेबीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपणनाव ओळखायला लेख उघडला आणि लगेच कळलं. प्रार्थनाघराच्या निळ्या काचांवर अर्धं पान दुसरं कोण लिहिणार? सकाळी त्या काचांचा उजेड आपल्या बाकांवर पडायचा आणि तू त्यात हात बुडवून बसायचीस. वाचताना डोळे भरून आले. सुरेख लिहिलं आहेस ग.

पण बेबी, आगीचा परिच्छेद कुठे गेला? धाकट्यांच्या वसतिगृहाला आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं, तीन मुली गेल्या, एवढंच तर होतं त्यात. तुझ्या शेजारच्या खाटेवरची गोटी त्या तिघींतली. तू काडीसारखी, म्हणून खिडकीच्या गजांमधून बाहेर आलीस. ती गुबगुबीत.

तो परिच्छेद गोटीच्या भावानं लिहिला होता. घड्याळं दुरुस्त करतो तो. तू खोडलास, त्यानं परत घातला, तू पुन्हा खोडलास. शेवटी त्यानं तोंड सोडलं आणि तू आम्हा पाच पंचांकडे तक्रार केलीस, की हा मृत मुलीचा नातेवाईक आहे, तटस्थ लिहू शकत नाही.

पैसे घेणं पाप नाही. आमच्याकडे त्याला मनाईही नाही. फक्त कोशातल्या आपल्या ओळखीच्या पानावर एक ओळ लिहायची, की मला यासाठी पैसे मिळतात, आणि मग लेखाला स्वतः हात न लावता बदल सुचवायचे. एवढी ओळ लिही, बाई. तक्रार मागे घे.

मेहुण्यांना नमस्कार. जेवणाची हयगय करू नकोस, आणि या म्हातारीवर रुसू नकोस.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

एक ओळ म्हणतेस. ती ओळ लिहायची नाही, हीच विश्वस्तांची अट आहे. लिहिली की काम गेलं, आणि काम गेलं की ह्यांना घरी आणायचं. माझ्याच्यानं त्यांना कुशीवरही वळववत नाही आता. तुमचे नियम छान आहेत ग, पेन्शनवाल्यांसाठी.

आणि खरं सांगू? पैसे दिले नसते तरी मी तो परिच्छेद खोडला असता. मोबाइलवर कुणीतरी चहा पिता पिता ते कुलूप वाचणार, चुकचुकणार आणि पुढे सरकणार. ज्याला वाचायचंय त्यानं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायला हवं होतं. घड्याळजीला मी ओळखते. सुट्टीत तिला न्यायला यायचा, खिशातून गोळ्या काढायचा. तो बिचारा त्या वेळी तिथे नव्हता, म्हणून त्याला लिहावंसं वाटतं. मी होते.

तक्रार मागे घेणार नाही. तू पंच आहेस, काय करायचं ते कर, पण बहीण म्हणून कर.

रागावले असले तरी तुझीच आहे,
बेबी

२० एप्रिल

चि. बेबीस,

आशीर्वाद.

हे पत्र मी कितीदा फाडलं आणि कितीदा लिहिलं, विचारू नकोस.

तुझी तक्रार आली तेव्हा मी बाजूला झाले. कारण दिलं नाही, वैयक्तिक म्हटलं. वाटलं, आपण दूर झालो की न्याय आपोआप होतो. उरलेल्या चौघांनी निकाल दिला: घड्याळजी सख्खा भाऊ, शिवाय शिवीगाळ केलेली, म्हणून त्याला त्या लेखावर लिहायला कायमची बंदी. तू मात्र शाळेशी कसलाही संबंध नसलेली, संयमी लेखिका. तुझ्या सभ्य भाषेचं कौतुकही केलंय त्यांनी. ती भाषा आपल्याला सिस्टरांनी शिकवली.

मी तुझी वाट पाहिली. वाटलं, निकाल वाचून तरी तू ती ओळ लिहिशील. काल मी चौघांना खासगीत कळवलं, की हे टोपणनाव माझ्या बहिणीचं आहे आणि तिला शाळा पैसे देते. पंचपदाचा राजीनामाही दिला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लिहिते. मेहुण्यांना माझ्याकडे आण. पुढची खोली रिकामी आहे, आपण दोघी मिळून त्यांचं करू.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

८ जून

ती. ताईस,

सा. न.

उशीर झाला. ह्यांना घरी आणलंय. दिवसभर दाराकडे बघतात आणि नर्स कधी येणार विचारतात. तुझी खोली तुलाच राहू दे.

तुझे नियम नीट पाळले गेले. माझं खातं बंद झालं आणि विश्वस्तांनी पत्र पाठवून संबंध तोडला. तरीही परिच्छेद परत आलेला नाही, पाहिलंस का? घड्याळजीवरची बंदी तशीच आहे, कारण तो भाऊ आहे तो आहेच. बाकीचे म्हणतात, आगीची बातमी असलेला वर्तमानपत्राचा जुना अंक कुणाला मिळत नाही, पुराव्याशिवाय कसं घालायचं. निळ्या काचा तेवढ्या राहिल्यात.

तुझ्या त्या चौघांपैकी कुणीतरी माझं खरं नाव घड्याळजीजवळ बोललं. परवा तो दारात उभा. पार म्हातारा झालाय, हात थरथरतात. या हातांनी घड्याळं कशी उघडत असेल? वाटलं, आता शिव्या घालणार. मी ऐकून घ्यायला तयार होते. तो खुर्चीच्या कडेला बसला, पाणी नको म्हणाला. लेखाबद्दल अक्षरही काढलं नाही. एवढंच विचारलं, की नाव कळल्यावर आठवलं, तुम्ही तिच्या शेजारच्या खाटेवर होता, तिनं कुणाला हाक मारली होती का.

मी सांगितलं, नाही. सांगितलं, धुरानं तिला जागच आली नाही, झोपेतच गेली. तो उठला. मग माझे हात हातात घेऊन, मलाच ताई म्हणत म्हणाला, आज मोकळा झालो. जाताना ह्यांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन गेला, नीट करून देतो म्हणाला.

गोटीचे खांदे गजांत अडकले होते, ताई. ती माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी बाहेर उभी होते.

हे तुला म्हणून लिहिलं. कोशात काय घालायचं ते तुम्ही ठरवा, पण ही ओळ कुठे जाऊ देऊ नकोस. या खोट्याचे मी कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत.

माया असू दे.

बेबी