मशीन अजून चालते का?

४ मार्च, मंगळवार, दुपार

धाकटे, तुला आणि भाऊजींना थोरलीचे आशीर्वाद.

पाकीट बघून दचकली असशील, पण घरात कुणी गेलेलं नाही. सव्वीस वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी तेच शोधतं. सगळे धडधाकट आहोत. आणि हे अक्षर माझं आहे, माझं! नात पहिलीत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून मीही पाटी गिरवली. ती आता कॉलेजच्या हॉस्टेलवर राहते, मी अजून जोडाक्षरांत अडकलेय. चुकलं तर ओढूनताणून वाच.

बातमी अशी की घर विकतोय. सात खोल्या आणि माणसं तीन. जिन्याला सतरा पायऱ्या, त्यातल्या सोळा माझ्या गुडघ्यांना नकोत. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यासाठीच करतोय." मी म्हटलं, "कर बाबा, पण तोंड असं उपकार केल्यासारखं करू नकोस." खरं सांगू? मला आनंदच झालाय. नवी जागा पाचव्या मजल्यावर, तीन खोल्यांची, आणि लिफ्ट! लिफ्टमध्ये आरसा. बघायला गेलो तर मी चार वेळा खालीवर केलं. पाचव्यांदा वॉचमन म्हणाला, "आजी, कुठे जायचंय?" म्हटलं, "कुठेच नाही, फिरायला आलेय."

आता आवराआवर चालू आहे. सूनबाईने वस्तूवस्तूला चिठ्ठी चिकटवलीय. तीनच प्रकार. न्यायचं, विकायचं, टाकायचं. मी आपली घरभर वाचत फिरते. मोठं कपाट विकायचं, आतला आरसा न्यायचा, आरशामागची पुठ्ठ्याची खोकी टाकायची. वाचता येतं याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. पण परवा जेवताना मुलगा सारखा हसतोय. काय झालं विचारलं तर "काही नाही." संध्याकाळी शाल काढली तर पाठीवर चिठ्ठी! "टाकायचं." म्हणे खुर्चीवरची चिकटली असेल. असेल. पण त्या खुर्चीवर मीच बसते हे काय कुणाला ठाऊक नाही? पाणी कुठेतरी मुरतंय, धाकटे.

आणि मुरतंय ते शिवणाच्या मशीनपाशी.

तुला ती पायमशीन आठवत असेल. सासूबाईंनी जाताना मला दिली ती. मागच्या खोलीत असते, वर कुंड्या ठेवते मी. तिच्यावर सूनबाईने आधी "विकायचं" लावलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गायब. तिसऱ्या दिवशी परत हजर. कुणी काढली, कुणी लावली, कुणी तोंड उघडेल तर शपथ. वर सूनबाई मला विचारते, "आई, ही मशीन नक्की कुणाची होती?" मी म्हटलं, "माझी. लाल दोरा दिसत नाही का?" तिला दोऱ्यांची गोष्ट ठाऊक आहे. आपण दोघी जावा एका स्वयंपाकघरात, मला वाचता यायचं नाही म्हणून सासूबाईंनी माझ्या वस्तूंना लाल दोरा बांधला, तुझ्या वस्तूंना निळा. तुझ्या डब्यात माझा चमचा गेला तरी त्यांना कळायचं. नजर होती का भिंग!

भिंगावरून आठवलं. जुनं सामान घेणारा एक माणूस येतो. प्रत्येक वस्तूला डोळ्याला भिंग लावून बघतो, म्हणून मी त्याला भिंगवालाच म्हणते. त्याला मशीन हवीय. म्हणाला, "आजी, वरचं डोकं काढून टाकतो, फळीवर काच बसवतो, झालं टेबल. चहाच्या दुकानांत फार चालतात." मी म्हटलं, "तुझं डोकं काढून काच बसवली तर चालशील का?" तर हसला. पंधरा तारखेच्या शनिवारी टेम्पो आणणार आहे. सूनबाई त्याच्याशी दारात उभं राहून हळूहळू बोलते. माझे कान अजून शाबूत आहेत, म्हणून तर ती हळू बोलते.

लिहायचं कारण म्हणजे माळ्यावर तुझे दोन डबे निघाले, निळ्या दोऱ्याचे. पाठवू का? तुझा पत्ता कुठून आणायचा या विचारात होते, तर सूनबाईने पर्समधून काढून पुढे ठेवला. तिच्याकडे कसा? विचारलं तर म्हणे, "होता." बघ!

डब्यांचं कळव. आणि मशीनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतेय, ती काळजी नको.

तुझी थोरली


१३ मार्च, गुरुवार

धाकटे, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. पोस्टमनच्या हातूनच घेतलं, नाहीतर मधेच कुणी वाचलं असतं. बाहेरच्या पायरीवर बसून वाचलं. वाचायला वेळ लागला नाही, चारच शब्द आहेत. "मशीन अजून चालते का?"

ना डबे, ना ख्यालीखुशाली, ना भाऊजींचं काही. मी कार्ड उलटं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. हा प्रश्न आहे का टोमणा? टोमणा असेल तर चांगला आहे, मी दोन दिवस त्यावर जेवतेय. प्रश्न असेल तर उत्तर मला ठाऊक नाही. मी ती कधी चालवलीच नाही. मला शिवता कुठे येतं? बटण लावलं तर शर्टासकट बोट शिवते मी.

तर आता इथलं ऐक. चिठ्ठी आणखी दोनदा हलली. मग मी सापळा लावला. कुंड्या उतरवून मशीनच्या कापडी झाकणावर तांदळाचे दाणे ठेवले, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. दुपारी बघते तर दाणे जमिनीवर. उंदीर म्हणावं तर उंदीर तांदूळ खाऊन जातो, सांडून नाही जात. मग परवा मी पलंगावर घोरत पडले. घोरणं मला छान जमतं, तुला माहीतच आहे, भिंतीपलीकडून ओरडायचीस. दहा मिनिटांत मागच्या खोलीत खुडबुड. अनवाणी गेले. बघते तर सूनबाई जमिनीवर आडवी, डोकं मशीनच्या खाली, हातात टॉर्च!

"सापडलीस!" मी म्हटलं.

ती इतकी दचकली की कपाळ फळीवर आपटलं. मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं, मग तिला ओला रुमाल आणून दिला.

कपाळ दाबत ती म्हणाली, "आई, जरा वाका. वाकता येईल का?"

"वाकायचं काय आहे खाली?"

"पायदानाच्या मागे लोखंडी सळई आहे. तिला निळा दोरा बांधलाय. वर लाल आणि खाली निळा, असं कसं?"

मी म्हटलं, "उंदराने नेला असेल."

"उंदीर दुहेरी गाठ मारतात का, आई?"

बघ कशी तोंडाला लागते. मी म्हटलं, सासूबाई शेवटी शेवटी भ्रमात होत्या, बांधला असेल चुकून. ती टॉर्च घेऊन उठली आणि घरभर फिरली. कपाटाखाली, टेबलाखाली, पिठाच्या पिंपाखाली, जिथे म्हणून लाल दोरा आहे तिथे आडवी पडून बघून आली. केसांना जाळी, कोपरांना धूळ. येऊन म्हणाली, "बाकी कशालाच खाली दोरा नाही. फक्त मशीनला आहे."

मी चहा टाकायला गेले. साखर दोनदा पडली.

चिठ्ठीचं कळलं, ती काढायची आणि मुलगा परत लावायचा. तुझ्या पत्त्याचंही कळलं. गेल्या वर्षी ती कपडे शिवायला एका दुकानात गेली होती, तिथे मागच्या बाजूला तू काजं-बटणं करत बसली होतीस. हाताने. तिने आपल्या जुन्या फोटोवरून ओळखलं, पाया पडली. मशीनबद्दल विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, "थोरलीकडे आहे, ती सांभाळते." इतकंच. तिने वर्षभर मला सांगितलं नाही. सांग, हिच्यावर संशय घेऊ नको तर कुणावर घेऊ?

परवा शनिवार आहे. भिंगवाला दहाला येतो म्हणालाय. सूनबाईने मशीनवरची चिठ्ठी काढलीय आणि कोरा कागद चिकटवलाय. म्हणते, "यावर तुम्हीच लिहा." कोऱ्या कागदाची इतकी धास्ती मला आजवर कधी वाटली नव्हती.

हात दुखतोय. थांबते.

थोरली


१६ मार्च, रविवार, सकाळ

धाकटे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. कोणत्या तोंडाने लिहू?

पहिल्या पत्रात लिहिलं की मशीन सासूबाईंनी मला दिली. ते खोटं होतं. तुला ते वाचताना काय वाटलं असेल? आणि तरी तू चारच शब्द लिहिलेस.

तू तेव्हा भाऊजींच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतीस. सासूबाईंची गादी मागच्या खोलीत, मशीनला लागूनच. त्यांनी मला दोऱ्याची दोन्ही रिळं आणायला सांगितली आणि एकेक वस्तू जवळ मागवून स्वतःच्या हाताने बांधत गेल्या. हे थोरलीला, हे धाकटीला. मशीनच्या चाकाशी त्यांनी निळा बांधला. माझ्यासमोर बांधला. मग म्हणाल्या, "जरा पाणी आण." मी आणलं. चार दिवसांनी त्या गेल्या. पाचव्या दिवशी दुपारी मी निळा दोरा सोडला आणि लाल बांधला.

मला शिवता येत नव्हतं, मग कशाला? हे मी सव्वीस वर्षं स्वतःला विचारलेलं नाही, या आठवड्यात विचारलं. बायका दारात येऊन विचारायच्या, "शिवणवाली आहे का?" मी दार उघडायची, आणि त्या माझ्या खांद्यावरून आत बघायच्या. तुझ्यासाठी सगळी गल्ली यायची, माझ्यासाठी दूधवाला. वाटलं, मशीन राहिली तर कुणीतरी माझ्यासाठी येईल. कोण येणार? कुंड्या ठेवल्या मी तिच्यावर.

तू परत आलीस, चाकाशी लाल दोरा बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि कपडे भरायला लागलीस. एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. मग मी सगळ्यांना सांगत सुटले की धाकटीचा मशीनवर डोळा होता, मिळाली नाही म्हणून रुसून गेली. मुलगा तेच ऐकत मोठा झाला. काकू लोभी, हे मी त्याच्या डोक्यात घातलं.

मी महिनाभर घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला. सून, मुलगा, भिंगवाला, पोस्टमन, तुझं कार्डसुद्धा. खाई त्याला खवखवे. आणि माझ्यावर मात्र एकाच माणसाने संशय घेतला, तोही वेळेवर. मी पाणी आणायला गेले तेव्हा सासूबाईंनी खाली हात घालून दुसरा दोरा बांधला. कपाटं, भांडी, अंथरुणं, सगळं त्यांनी माझ्या भरवशावर सोडलं. या एका वस्तूपुरतं ओळखून होत्या मला.

काल भिंगवाला दहाच्या आधीच आला. दोन माणसं, दोरखंड, सगळी तयारी. मशीनवरचा कागद कोराच. मुलगा म्हणाला, "आई, लिही ना 'विकायचं', तो खोळंबलाय." सूनबाई भिंतीला टेकून उभी, कपाळावर टेंगूळ. मी पेन मागितलं. न्यायचं, विकायचं, टाकायचं, तिन्ही मला पाठ आहेत. मी लिहिलं, "परत द्यायचं."

मुलगा म्हणाला, "कुणाला परत?"

मग मी सांगितलं. भिंगवाल्यासमोर, त्याच्या दोन माणसांसमोर, उभ्याने. थोडं थोडं करून सांगितलं असतं तर अर्धं गिळलं असतं, मला मी माहीत आहे. मुलाने सगळं ऐकलं. म्हणाला, "काकू माझे शर्ट शिवायची." बस. मग बाहेर जाऊन बराच वेळ गेटपाशी उभा राहिला. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बोलेल, नाही बोलला तरी त्याचं बरोबर आहे.

भिंगवाल्याने भिंग खिशात घातलं आणि म्हणाला, "आजी, मग टेम्पो रिकामा कशाला नेऊ? पत्ता द्या, मीच पोचवतो." बघ, याच्यावरही मी उगाच...

पण त्याला आज यायला सांगून मी कालच मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने पट्टा नवा घातला, तेल दिलं, गंज घासला, सुई बदलली. दोन तास लागले. मग त्याने पायदानावर पाय ठेवला आणि घरात तो आवाज झाला. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

आज दुपारी टेम्पो निघतोय. बरोबर तुझे दोन डबे आणि हे पत्र आहे. चाकाशी आता काही नाही. लाल दोरा मीच सोडला, गाठ इतकी घट्ट बसली होती की दात लावावे लागले. खालचा निळा तसाच आहे. तो सासूबाईंचा आहे, त्याला मी हात लावला नाही.

तुझे डोळे आता सुईत दोरा ओवायला साथ देत नाहीत असं सूनबाई म्हणते. ती वर्षंही मशीनबरोबर परत पाठवता आली असती तर पाठवली असती. तू दार उघडू नकोस, टेम्पो परत पाठव, माझं नाव घेऊन थुंक, तुला सगळा हक्क आहे. फक्त कारागिराने फळीवर कापडाचा एक तुकडा ठेवलाय, त्यावर त्याने टीप मारून दाखवलीय. तेवढा बघ.

तू विचारलं होतंस ना? चालते, धाकटे. अजून चालते.

तुझं घेऊन बसलेली,
तुझी थोरली