कोणी झोपताना?

बाबा, तुमच्याशी बोलायची मला हौस आलेली नाही. तुम्ही होतात तेव्हाही नव्हती. पण गेले काही दिवस सकाळी डोळे उघडले की पहिला तुमचाच आवाज कानात येतो, ‘सोंग!’ तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मेलेल्या माणसाला गप्प कसं करतात मला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दादरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या सुरू केल्यात. मनाच्या. तुमच्या भाषेत ‘डोक्याच्या’. कारणं सांगत बसत नाही, तुम्हाला ती कळली नसतीच. आईचं जे झालं होतं तेच आपलं होऊ लागलंय, एवढं ओळखण्याइतकी मी मोठी झाले आहे. गुण मागाहून येईल आणि गुंगी आधी येईल, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. सकाळी तोंडात ब्रश धरून मी बेसिनपाशी उभ्या उभ्या पेंगत होते. दूध डोळ्यांदेखत उतू गेलं. लोअर परळच्या ऑफिसात, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत, भर मीटिंगमध्ये माझी मान खाली पडली आणि शेजारचा पोरगेला साहेब म्हणाला, “काय मॅडम, नाइट मारली काय?” सगळे हसले, मीही हसले. आत मात्र तुम्ही बोललात, आणि त्या दुपारी मी ठरवलं की गोळ्या कचऱ्यात टाकायच्या. पुन्हा रडत बसू, पण हे नको.

नाइट तुम्ही मारायचात. छापखान्यात कायमची रात्रपाळी, आणि त्याचा केवढा तोरा! जगाच्या बातम्या जगाआधी वाचतो म्हणून चाळीच्या गॅलरीत ऐकवायचात. सकाळी यायचात, आंघोळ, गरम भात, आणि सातला खाटेवर. मग आमची एक खोली म्हणजे देऊळ. रेडिओ बंद. कुकर दुपारपर्यंत लावायचा नाही. पातेलं ओट्यावर ठेवायचं तर खाली फडकं घालून, कारण स्टीलचा आवाज झाला की खाटेवरून ‘शूऽऽ’ यायचं. आमच्या घरात रात्र सकाळी सातला व्हायची. शाळेत बाईंनी ‘तुम्ही रात्री काय करता’ यावर चार ओळी लिहायला सांगितल्या, तर मी लिहिलं, ‘रात्री बाबा घरी नसतात म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो.’

तेव्हाच आईची गोळी सुरू झाली. तुम्ही स्वतः तिला मोठ्या इस्पितळात नेलंत, याचं कौतुकही तुम्हीच वर्षभर केलंत. गोळ्या तुमच्या ताब्यात, कारण तिच्यावर भरवसा नाही. भात खाऊन झाला की तांब्या पुढे करायचात आणि म्हणायचात, “हं, गीळ.” ती गिळायची. तुम्ही घोरायला लागायचात आणि ती तांदूळ निवडता निवडता सुपावर वाकत जायची. भाजी करपायची. दुपारी तुम्ही ताजेतवाने होऊन उठायचात आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईला बघून पूर्ण चाळीला ऐकू जाईल असं म्हणायचात, “झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही!” मध्येच कधीतरी ‘तुला सोसत नाही’ म्हणून तुम्ही आपल्याच अकलेनं गोळी बंद करायचात. मग ती रात्र रात्र रडायची, मग पुन्हा ‘हं, गीळ’.

आणि तो पाडवा. आई कशीबशी उभी राहून तुम्हाला ओवाळत होती. बायकांच्या तबकात साड्या पडत होत्या, कुणाच्या कुड्या. तुम्ही तिच्या तबकात अलार्मचं घड्याळ ठेवलंत. गॅलरी हसली. तीही हसली, हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. त्यातून ते घड्याळ सकाळी वाजवायची सोयही नव्हती, कारण सकाळी तुम्ही झोपलेले.

तर गोळ्या टाकण्याआधी एकदा डॉक्टरांना सांगून टाकावं म्हणून मी दादरला गेले. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. म्हणाल्या, “गोळी कधी घेता?”

“झोपताना.”

“म्हणजे किती वाजता?”

“सगळे झोपल्यावर. साडेबारा, कधी एक.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “सगळ्यांचं कुठे विचारलं मी? औषध तुमचं आहे ना? एकला घेऊन सहाला उठलात तर गुंगी राहणारच. जेवण झालं की नऊला घ्या आणि दहाला आडव्या व्हा. दार-खिडक्या बंद करायला घरात दुसरं कोणी नाही का?” सुरुवातीची ही गुंगी बऱ्याचदा हळूहळू उतरते, म्हणाल्या. नाही उतरली तर फोन करा, डोस कमी करू नाहीतर औषध बदलू, पण मनानं बंद करायचं नाही, अर्धी गोळीही मोडायची नाही. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नको. सकाळी ताडकन उठायचं नाही, थोडा वेळ पलंगाच्या काठावर बसायचं. स्कूटर सध्या घरी राहू दे.

घरी आले तर आई मेथी निवडत होती. चाळ पाडून झालेल्या या लालबागच्या इमारतीत ती माझ्याकडेच असते. सहज विचारलं, “आई, तुझी ती पहिली गोळी, तू कधी घ्यायचीस गं?”

“झोपताना.”

“रात्री?”

“रात्री कशी गो? तुझे बाबा झोपताना. डॉक्टर बोललेले ना त्यांना, झोपताना द्या म्हणून.”

“आणि बाबा गेल्यावर?”

“मग सकाळी कोण झोपणार होतं? मीच रात्री झोपायचे, तेव्हा घ्यायला लागले.”

गोळी तीच, बाबा. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात आई पहाटे उठून पाणी भरायला लागली, मंडईत जायला लागली. शेजारची मालवणी आजी तोंडाला पदर लावून म्हणाली होती, “घोव गेलो नि बायेक तरतरी इली!” आईनं ते टोमणे वर्षभर ऐकले. मलाही तेव्हा लाज वाटली होती. ती तरतरी तुमच्या मरणाची नव्हती, फक्त वेळ बदलल्याची होती.

तुम्ही दुष्ट होतात असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दुष्टाला निदान समोर माणूस आहे हे दिसतं. डॉक्टर ‘झोपताना’ म्हणाले आणि तुम्हाला वाटलं, झोपतो तो एकच माणूस. कोणी झोपताना, हे विचारावं असंही तुमच्या मनात आलं नाही. जगाच्या बातम्या वाचत होतात म्हणे! आईला हे बोलले तर ती मेथीची जुडी झटकत म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? ते द्यायचे तरी.” त्या ‘तरी’चा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला.

काल जेवण झाल्यावर मी नऊला सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि मॅच बघणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, दही तू लाव, दार तू लाव. तो म्हणाला, “विरजण कुठे असतं?” लग्नाला सव्वीस वर्षं झाली. शोध, म्हटलं, आणि जाऊन झोपले. सकाळी जाग आली, काठावर बसले, मग उठले. डोकं थोडं जड होतं, पण दूध उतू गेलं नाही. गोळ्या कचऱ्यात जाणार नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमचा पत्ता असता तरी तिकिटाला मी पैसे घातले नसते. फक्त एक गोष्ट सांगते, तीही तुम्हाला कळणार नाही म्हणून. तुमची खाट आईनं टाकू दिलेली नाही, ती हॉलमध्ये खिडकीशी आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. आज सकाळी सात वाजता मी दुधाचं पातेलं मुद्दाम, फडकं न घालता, ओट्यावर आपटलं. खण्णकन आवाज झाला. आणि आम्ही दोघींनी दचकून खाटेकडे पाहिलं.