एकट्याची शर्यत

आप्पा, काल मैदानावर पोरांनी तुमचं नाव काढलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मुकुंदवाडीत गाड्यांच्या शर्यती म्हटलं की जुन्या माणसांना तुम्हीच आठवता. माझा नवरा गेल्यापासून गट पाडायला पोरं मला बोलावतात. मी खुर्ची टाकून बसते, गाड्या बघते, कोण कोणाबरोबर धावेल ते सांगते. लहानपण तुमच्या गॅरेजात गेलं, अजून आवाजावरून इंजिन कळतं.

वाळूजकडं कारखाने आले आणि गल्लोगल्ली दुचाक्या झाल्या, तेव्हा रविवारी मैदानावर सगळे एकदम सुटायचे. मोटारसायकली, स्कूटर, मोपेड, सगळी खिचडी. मोपेडवाले धुरळा खायचे आणि वळणावर मोठ्या गाड्यांखाली यायचे. एकाचा पाय मोडला, त्यानंतर तुम्ही गट पाडले. आपण मेंढरांमागचे लोक. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं, "कोकरं येगळी काढल्याबिगर चारा टाकायचा नाय. एडके तुडिवतात." लोक हसले, पण ऐकलं. सारख्या इंजिनाची गाडी सारख्याबरोबर. मग खरी शर्यत दिसायला लागली, चाकाला चाक लावून. मला वाटायचं, माझ्या बापासारखा न्यायी माणूस शहरात दुसरा नाही.

मग विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा गावोगाव घरं जळायला लागली. माझी शाळा चौथीत सुटलेली, तरी किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मी ते वाचत होते. त्या दिवसांत तो आला. निळ्या झेंड्याच्या वस्तीतला, भंगारातून एकेक भाग जमवून मोपेड उभी केलेली. तुम्ही स्वतः इंजिन उघडून बघितलं आणि म्हणालात, "बरोबर हाय. मोपेडच्या गटात लाव." तेवढ्यात शेतीवाडीवाल्यांची पोरं तुमच्याभोवती जमली. "आप्पा, त्याच्यासंगं आमी रेघेवर उभं राहणार नाय." तुम्ही बराच वेळ पाना पुसत राहिलात. मग म्हणालात, "त्याची गाडी जोडकामाची हाय. जोडकामाचा गट येगळा."

त्या गटात तो एकटाच.

तुम्ही झेंडी पाडता. तो सुटतो. एवढ्या मोठ्या मैदानात एकच मोपेड फिरतेय आणि लोक ओरडताहेत, "पळ लेका, मागून कोणी नाय!" "जपून रं, दुसरा येशील!" त्यानं एकाही फेरीत वेग कमी केला नाही. वळणं अशी घेतली, जशी कोणी खरंच अंगावर आलंय. शेवटी तुम्ही बक्षिसाचा तांब्या पुढं केलात. त्यानं हात पुढं केला नाही.

"आप्पा, कोणाच्या पुढं आलो मी?"

"पयला नंबर दिला ना? अजून काय पायजे तुला?"

घरी मी विचारलं तर म्हणालात, "भांडण टळलं. डोकी फुटली असती." फुटलीही असती. पण ते टाळायचा भार तुम्ही त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकलात. त्या पोरांना घरी जा म्हटलं असतं तर ती गेली असती. मैदानावर तुमचा शब्द चालत होता.

पुढं मी त्याच्याशीच लग्न केलं. तुम्ही आला नाहीत. त्यानं कंपनीत जन्मभर स्कूटरना चाकं बसवली, शर्यतीत पुन्हा उतरला नाही. रविवारी मैदानाकडून आवाज आला की उठून खिडकी लावायचा. आता मी ती उघडी ठेवते. तरी आवाज आला की मान त्याच्या खाटेकडं वळतेच.

माझ्या मैदानावर एकट्याचा गट नसतो. काल एक रिक्षावाला जुनी स्कूटर घेऊन आला, तसली दुसरी कोणाकडं नव्हती. पोरं म्हणाली, "काकू, सोडा एकट्याला, हौस फिटंल." मी म्हणाले, जोडीदार मिळेपर्यंत पुढची झेंडी पडणार नाही. कुरकुरत गेली आणि कोणाच्या दारातून, कोणाच्या गोठ्यातून तसल्या दोन गाड्या ढकलत आणल्या. तिघं धावले. रिक्षावाला सगळ्यात मागं राहिला, तरी दात काढत आला. "काकू, तिसरा आलो!"

मग पोरं म्हणाली, "या शर्यतीला आप्पांचं नाव देऊ." मी म्हणाले, "नको रे. त्यांना असलं काही आवडायचं नाही."

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. मी खोटं बोलले. तुम्हाला लई आवडलं असतं.