सुतारकाकांची सुटका

३ मार्च

शत्रूचं मालवाहू जहाज बुडवलं. दुसरा टॉर्पेडो वर्मी लागला. पाणबुडीत टाळ्या, शिट्ट्या. मीही ओरडलो — खोटं कशाला लिहू!

पहाटे वर आलो तर तेलात माखलेला एक म्हातारा, फळीला चिकटलेला. बाकी समुद्र रिकामा. कप्तान म्हणाला, "राहू दे त्याला." तोवर मी त्याचा हात धरून वर ओढलाच होता. मी कप्तानाचा दुय्यम अधिकारी. त्याचा शब्द आजवर कधी मोडला नव्हता. त्याने नुसतं पाहिलं.

५ मार्च

म्हातारा त्या जहाजावरचा सुतार. तरुणपणी आमच्याकडच्या एका गोदीत राबला, म्हणून आपली भाषा येते — मोडकीतोडकी, पण शिव्या अस्खलित! हात काही स्वस्थ बसत नाहीत. आचाऱ्याच्या कपाटाचं दार कधीपासून लोंबत होतं; सुरीच्या टोकाने बिजागरी बसवून दिली. आचारी खूश. "काका, तुमचं जहाज बुडालं ते आमच्या पथ्यावरच पडलं!"



काका हसले. "माझ्या सोबत्यांना विचारा हो एकदा," म्हणाले आणि दार उघडून-मिटून बघत राहिले.



८ मार्च

आता ते सगळ्यांचेच काका. एकटा कप्तान सोडून. "कैदी आहे तो, पाहुणा नव्हे. आणि बोटीचा कोपरान् कोपरा बघून झालाय त्याचा."

"मग करायचं काय, सर?"

"ते मी बघतो."

९ मार्च

डोक्यावर शत्रूच्या गस्तीनौका. दिवसभर तळाशी पडून. प्रत्येक दणक्याला दिवे विझायचे, आणि काका माझ्या पाठीवर थोपटायचे — "चिवट आहे हो तुमची बोट. काही होत नाही." बॉम्ब त्यांच्याच लोकांचे!

लेकीबद्दल बोलत होते. पहिलटकरीण आहे. "बाबा, आता समुद्र पुरे" म्हणून निघताना भांडली होती.

१२ मार्च

मच्छीमारांची होडी दिसली, काकांच्याच किनाऱ्याची. कप्तानाच्या मागेच लागलो — त्यांना हिच्यावर सोडू या. वाटलं, वस्सकन अंगावर येईल. "बरं, सोड," एवढंच! मला काय करू नि काय नको झालं.

काका मात्र हटून बसले. "इथेच राहू द्या. बंदरात गेल्यावर कोंडा हवं तर."

"अहो, घरी चाललात! लेक वाट बघतेय."

"तुमच्या बोटीसारख्या आणखी असतील ना पाण्याखाली? पुन्हा बुडायची ताकद नाही हो माझ्यात."

"मच्छीमारांना कोण हात लावतंय, काका!" मी हसण्यावारी नेलं. अंगातला स्वेटर काढून त्यांच्या अंगात घातला. ढकललंच जवळजवळ. दोरीच्या शिडीवर पाय ठेवला तरी माझा हात सोडवेना त्यांना.

मीच सोडवला.

१३ मार्च

वायरलेसवर आपल्याच दुसऱ्या पाणबुडीचा संदेश. मच्छीमारांची होडी बुडवली. कोणी वाचलं नाही. जागा तीच.

१४ मार्च

माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता — राहू द्या! आणि मी त्याचं भलं करायला निघालो होतो. आधी बुडवलं, मग ओढून काढलं, मग पुन्हा बुडायला धाडलं. होडीवर तर आणखी पोरंबाळंवाली माणसं होती. त्यांची तोंडंही मी नीट पाहिली नाहीत.

आचारी म्हणाला, "साहेब, तुम्ही चांगल्या मनाने केलंत." आग लागो त्या चांगल्या मनाला!

संध्याकाळी कप्तान शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. "स्वतःला खाऊ नकोस. युद्ध आहे." इतक्या मायेने कधी बोलला नव्हता. रडलो त्याच्यासमोर. बरं वाटलं.

१७ मार्च

वायरलेसवाल्याला राहवलं नाही. कोपऱ्यात गाठून सांगितलं. होडीचा ठावठिकाणा त्या पाणबुडीला आम्हीच कळवला होता. कप्तानाचा हुकूम. काका तेव्हा अजून शिडी उतरत होते.