रोही म्हणजे औषध, रोही म्हणजे गवत

हिउमा बेट, ३० जून

चि. माइमूस अनेक आशीर्वाद.

जानीच्या सणाला, ऐन उन्हाळ्याच्या मध्यरात्री तोडलेली ही पिवळ्या फुलांची जानीरोही, वाळवून डब्यात भरली आहे. रोज दोन्ही वेळा चहा करून घे. रोजच्या एका गोळीने तुझा रक्ताचा कॅन्सर आवरतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आपल्या आईने अख्खं घर या चहावर उभं ठेवलं. डॉक्टरांना विचारत बसू नकोस. चहाला कसली परवानगी?

लोभ ठेव, डबा परत कर.

तुझी लेइदाताई

टार्टू, १० सप्टेंबर

ती. लेइदाताईस सा. न. वि. वि.

डबा परत करते आहे, चहासकट. फणफणण्याआधी पुढचं वाच.

गोळी छान लागू पडली होती, पण उन्हाळ्यात आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. डॉक्टरीणबाई आता जालीम औषध काढणार होत्या. त्या दर खेपेस विचारायच्या, आणखी काही रोही घेता का? मी ऐटीत म्हणायची, मी काय गाय आहे? आपल्या भाषेत औषधाला आणि गवताला एकच शब्द, त्यात मला विनोदाची खाज! परवा बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, खात नसाल, पण पिता का? जानीरोहीचं नाव ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला. हा चहा यकृताला असा कामाला जुंपतो म्हणे, की गोळी काम करायच्या आतच शरीराबाहेर पडते.

गोळी तीच, चहा बंद. नाताळाआधी पुन्हा तपासणी. तोवर जीव मुठीत.

तुझा लोभ हवाच. फक्त उकळून नको.

माइमू

हिउमा, २ ऑक्टोबर

चि. माइमूस आशीर्वाद.

पत्र वाचून शेळीवर ओरडले. तिचा काही दोष नव्हता. मग औषधांच्या दुकानातल्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, जानीरोहीत ताकद आहे म्हणूनच ती गोळीला भारी पडते. चला, तेवढा तरी आईचा मान राहिला.

उरलेल्या जानीरोहीत लोकर रंगवली. मोजे पाठवते आहे. घालण्याआधी तुझ्या बाईंना विचार. हो, मीच म्हणते आहे!

बहिणीवर रुसू नकोस.

लेइदाताई

टार्टू, १६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आजार उतरला! जालीम औषध टळलं. बाईंनी पुन्हा विचारलं, आणखी काही रोही? मी ओठावरची गाय गिळली आणि मुकाट्याने बूट काढले. बाईंनी मोजे निरखले आणि म्हणाल्या, पायांपुरती हरकत नाही. ताईंना माझं माप कळवा.

तुझा लोभ ऊबदार आहे. आता दोघींना पुरव.

तुझी माइमू